कोणतं ‘राहू दे’?

अहो, ऐकलंत का? शेवटी निवडणूक लागली.

तीन वर्षं त्या ब्रिटिश पार्लमेंटने तुमचा जीव खाल्ला आणि तुम्ही माझा. “हे यांच्याने सुटत नाही, शेवटी लोकांकडेच जावं लागणार, बघशील तू,” असं रोज ताट वाढताना ऐकवत होतात. घ्या, गेले लोकांकडे. तुम्हाला मात्र पंधरवडाभर थांबवलं नाही. कसली एवढी घाई होती हो? तुआसच्या कारखान्याची बस चुकली तर संध्याकाळपर्यंत कुरकुरणारा माणूस तुम्ही, आणि लिफ्ट वर येईपर्यंत गेलात. डबा विसरला होतात म्हणून मी दारातून हाक मारली, “अहो!” तुम्ही वळलात. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं, आत कोणीच नव्हतं, आणि तुम्ही भिंतीला टेकून हळूच खाली बसलात. डबा माझ्या हातातच होता.

तुमचे गुण गायला मंडळी आहेत. तुमच्या कारखान्यातल्या लोकांनी खाली इमारतीच्या मोकळ्या जागेत जमून भाषणं केली, इकडची सिंगापूरची मराठी मंडळी बोलली, तुमचा चुलतभाऊ सांगलीहून फोनवर रडत रडत बोलला. सगळ्यांच्या मते तुम्ही शांत स्वभावाचे होतात. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. माझं तुमच्याकडे काम वेगळंच आहे. एक प्रश्न राहिलाय, माझा नाही, केतकीचा. पोरगी गेला महिनाभर झोपलेली नाही. तीन वर्षांपूर्वी, सार्वमताच्या दिवशी फोनवर तुमच्या तोंडून ‘राहू दे’ असं निघालं, ते कोणतं राहू दे? हे जगात एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही तर कुठे जाऊन बसलायत.

पण आधी टीव्हीचं सांगते, कारण मला त्याची भीती वाटायला लागली आहे.

तुम्हीच तो आपोआप लागेल असा करून ठेवलात. तिथे दुपारचे बारा, इथे सात. तुम्ही तुआसहून येऊन पाय धुताय तोवर देवापाशी मी दिवा लावतेय आणि बाहेरच्या खोलीत अचानक ती चारशे-पाचशे माणसं एकदम ओरडायला लागतात. “घरात तिन्हीसांजेला हा काय कालवा,” मी म्हणायची, आणि तुम्ही ओल्या पायांनी सोफ्यावर. तुम्ही गेल्यावर पहिल्या संध्याकाळी, घरात केतकी आणि मी दोघीच, सात वाजले आणि तो लागला. केतकी किंचाळली. मी म्हटलं, अगं, बाबांनी लावून ठेवलंय. बंद कर म्हणाली. मी नाही केला. तुमचा आवाज नाही तर तुमच्या लोकांचा तरी असू दे, असं वाटलं मला.

मग ती परत इंग्लंडला गेली. ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी सात वाजले आणि टीव्ही लागलाच नाही. मी निरांजन हातात धरून उभी. वाटलं, संपलं, आता हेही गेलं. फार रडले हो त्या दिवशी, तुम्हाला नेलं तेव्हा रडले नाही इतकी. आणि आठ वाजता तो लागला. दुसऱ्या दिवशीही आठला, तिसऱ्या दिवशीही. केतकीला विचारलं, तर म्हणाली, “आई, इकडची घड्याळं बदलली. हिवाळ्यात एक तास मागे घेतात, विसरलीस का? बाबांनी टीव्हीला लंडनची वेळ दिली असेल.” मी म्हटलं, अगं, पण टीव्हीच्या कोपऱ्यात वेळ तर इथलीच दिसते. ती म्हणाली, “मला माहीत नाही, आई.”

आता तर सभागृहच विसर्जित झालंय, त्यामुळे त्या चॅनेलवर जुनंच काढून दाखवतात. तुम्ही जिवंत असताना पाहिलेली सगळी भांडणं पुन्हा. तेच ठराव पुन्हा मांडले जातात, तीच माणसं उठून बाजूच्या दोन दालनांत जातात, मोजणी होते आणि ठराव पुन्हा पडतो. यातलं कोण आता निवडून येणार, कोण घरी बसणार, कुणालाच पत्ता नाही, आणि ते आपले तावातावाने बोलतायत. तुमचा लोड अजून सोफ्यावर तसाच आहे. मी त्याच्याकडे बघत नाही.

परवा लिफ्टपाशी शेजारची मिसेस लिम भेटली. ती तुमच्या मयताला आली होती, तिला सगळं माहीत आहे. तरी सवयीने म्हणाली, “आंटी, लास्ट इव्हिनिंग यू अँड अंकल क्वॉरल अगेन, अह?” आणि तोंडावर हात ठेवला बिचारीने. मी म्हटलं, टीव्ही गं बाई. ती मान हलवत राहिली. “नो लाह. टीव्ही इंग्लिश. धिस वन युवर लँग्वेज. टू पीपल.”

आता मी टीव्हीशी बोलते, नाही असं नाही. हा काय बोलतोय, त्याला काय कळतंय, असं तुमच्यासारखंच चालू असतं माझं. पण मी एकटी. ती ‘टू पीपल’ म्हणाली. घरी येऊन मी सगळे दिवे लावले आणि मोठ्याने विचारलं, “अहो, आहात का?” तीस वर्षांत तुमचं नाव कधी घेतलं नाही, सवयच नाही. ‘अहो’ला कुणीही ओ देऊ शकतं, हे माझ्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. मी पुन्हा नाही विचारलं.

बरं, आता सार्वमताचं. तुमची बाजू काय होती हे मला आजतागायत कळलेलं नाही. युरोपात राहायचं की सोडायचं, एवढा साधा प्रश्न त्यांनी लोकांपुढे टाकला, आणि तुम्ही महिनाभर दोन्ही बाजूंनी भांडलात. माझ्यापुढे म्हणायचात, सोडायलाच हवं. आपल्या नात्यातल्या शैलाच्या पोराला ब्रिटनने दोनदा व्हिसा नाकारला, आणि युरोपातला कोणीही पिशवी घेऊन थेट आत. केतकी फोनवर ‘व्हिसाचं तुमचं खरं आहे’ एवढं म्हणाली की लगेच, छे छे, असं घर मोडून चालतं का! ती चिडायची. तुम्हाला मजा यायची. मुलीला चिडवून तिचा आवाज जास्त वेळ ऐकायचा, हा तुमचा उद्योग मला माहीत होता, तिला नव्हता.

पण मत तर द्यायचं होतं. माझा पासपोर्ट भारताचाच, मला मत नाही. तुमचा ब्रिटिश. इंग्लंडातलं कॉव्हेंट्री सोडून सिंगापूरला आलो तरी तुमचा हक्क शाबूत होता, आणि तुमच्या वतीने मत टाकायला तुम्ही केतकीला नेमलं होतंत. तिच्या हातात दोन मतं, एक तिचं, एक तुमचं. “माझं काय करायचं ते त्याच दिवशी सांगेन,” म्हणालात. नाटकी माणूस.

तो दिवस मला आठवतो. तुम्ही नुकते घरी आला होतात, पायात बूट होते. बाहेर आपल्या हौगांग वस्तीतला तो संध्याकाळचा पाऊस, समोरची इमारतसुद्धा दिसेना. केतकीचा फोन आला, तिच्या जेवणाच्या सुट्टीत. त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूंवर सगळं धुणं भिजत होतं. मी आतून ओरडले, “अहो, बांबू आत घेऊ का?” आणि तुम्ही फोन कानाला लावून म्हणालात, “राहू दे.” एवढंच म्हणालात. फोन कटला की तुम्ही ठेवलात, ते मी पाहिलं नाही. मी खिडकीपाशी होते. बांबू तसेच राहू दिले आणि तुमचा निळा शर्ट वाऱ्याने खाली गेला.

दुसऱ्या दिवशी निकाल. देश जवळजवळ मधोमध चिरलेला, पण सोडणारे थोडे जास्त. तुम्ही केतकीला फोन लावून काय म्हणालात? “बघ! जिंकलो की नाही आम्ही?” कोण आम्ही हो? तुम्ही हौगांगच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवर ती दाट गोड कोपी पीत बसलेले, आणि पोरगी तिथे. तिच्या नवऱ्याचा, पाब्लोचा, पासपोर्ट स्पेनचा. आपलं घर उद्या राहतंय की नाही, या काळजीने ती रात्रभर जागी. ती फोनवर ओरडली, “बाबा, तुम्ही तिथे राहतसुद्धा नाही! आमचं घर मोडायला तुम्हाला कुणी बोलावलं होतं?” तुमचा चेहरा पडला. फोन माझ्या हातात दिलात आणि गॅलरीत गेलात.

तेव्हापासून तुमच्या दोघांच्यात सरळ बोलणं नाही. तिकडे पार्लमेंटात कोंडी, इकडे आपल्या घरात. तिकडे सोडायचं ठरलं होतं, पण कसं सोडायचं यावर एकमत होईना. जो येईल तो ठराव आपटी खाणार, मधेच एक निवडणूक घेतली तर तिने गुंता आणखी वाढवला, पंतप्रधान बदलले तरी गाडी तिथेच. इकडे तुम्ही म्हणायचात, “तिला विचार, थंडी आहे का.” ती म्हणायची, “त्यांना सांग, आहे.” मी वैतागून एकदा म्हटलं, दोघांच्या मध्ये मी काय खांब आहे का? तर तुम्ही केवढे खूश झालात. म्हणालात, “अगं, तिथेसुद्धा सभासद एकमेकांशी बोलत नाहीत, सभापतीला उद्देशून बोलतात. तुला मत नाही, म्हणून तू सभापती.” मग ते चालूच झालं. भाजीत मीठ कमी पडलं तरी “सभापती महोदया!” मी हसायचे, हो. आज कबूल करते, मला आवडायचं ते.

आणि ती बरोबरीची गोष्ट. यंदाच कधीतरी तिथे मतं समसमान पडली, तर तुम्ही सोफ्यावरून उडालात. मला आतून बोलावून दाखवलंत. अशा वेळी सभापती मत देतो, म्हणालात, पण मनाला येईल ते नाही. आहे ते मोडेल असं मत त्याने द्यायचं नाही, अशी जुनी रीत आहे. मी म्हटलं, म्हणजे काय करायचं त्याने? तुम्ही म्हणालात, “राहू दे म्हणायचं. आहे ते तसं राहू दे.” म्हणताना माझ्याकडे असं का बघितलंत? तेव्हा मला वाटलं, तुमच्या डोळ्यांत टीव्हीचा उजेड आहे. आता वाटतं, तुम्हाला कळलं होतं का काही?

कारण केतकीने मला सांगितलं. तुम्ही गेल्यावर, परत जाऊन, नोव्हेंबरात. या निवडणुकीचं कार्ड तिच्या पत्त्यावर आलं, तुमच्या नावचं. तुमच्या वतीने मत टाकायला यावं म्हणून. तिने तुम्ही गेल्याचं तिथल्या ऑफिसला कळवलं होतं, तरी आलं. ती कार्ड हातात घेऊन जिन्यात बसली होती म्हणे, आत जायचा धीर होईना. तिथूनच मला फोन केला.

“आई, त्या वेळी बाबांनी मला सांगितलंच नाही. मी विचारलं, तुमचं कुणाला टाकू, राहायचं की सोडायचं? ते म्हणाले, राहू दे. आणि लाइन गेली. मी तिथे उभी राहून विचार करत बसले. राहू दे म्हणजे रिमेन. इंग्लंडला युरोपात राहू दे. बरोबर ना? मग वाटलं, राहू दे म्हणजे लीव्ह. लीव्ह इट. मग वाटलं, राहू दे म्हणजे नकोच, माझं मत टाकूच नकोस. मी पुन्हा फोन लावला, लागला नाही. सुट्टी संपत आली होती. मी दोन्ही मतं रिमेनला टाकली, आई. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले आम्ही जिंकलो. मी त्यांचं मत चोरलं. आणि वर त्यांनाच ओरडले.”

मराठी शाळेत रविवारी नेऊन बसवत होतो तिला कॉव्हेंट्रीत, आठवतं? रडायची जाताना. त्या शिकवणीचं हे फळ. एका शब्दाला तीन अर्थ तिला बरोब्बर आले आणि चौथा, धुण्याचा, तो फक्त मला माहीत. आता मी तिला काय सांगू? अगं, ते तुला नव्हतंच, बांबूंना होतं? म्हणजे बापाचं शेवटचं महत्त्वाचं वाक्यसुद्धा तिच्या वाट्याचं नाही, असं? आणि मी तरी कुठे खात्रीने सांगू शकते? तुम्ही एकाच वेळी दोघींना उत्तर दिलं असेल. तुमचा काही नेम नव्हता.

एक मात्र मी तिला सांगितलं. तुमच्या वतीने मत टाकणाऱ्याचं नाव बदलायचं मी सुचवलं होतं. तुम्ही दोघं बोलत नव्हतात, म्हणून मी म्हटलं, कॉव्हेंट्रीच्या देसाईंना नेमा. तुम्ही ताटावरून उठलात. “माझ्या वतीने तीच,” म्हणालात. “भांडते म्हणून काय झालं? माझं मत तिच्या हातात आहे ते राहू दे.” ऐकून केतकी आणखीनच रडली. म्हणाली, बघ, एवढा विश्वास टाकला आणि मी त्याचं काय केलं. म्हणजे मी समजूत घालायला गेले आणि भलतंच झालं. नाताळात तुम्ही तिच्याकडे जाणार होतात. तिकिटं काढली होती. “समोर बसून बोलू, सभापतीशिवाय,” असं तुम्हीच म्हणाला होतात ना? मग?

मी तुमच्यावर रागावले आहे. सांगून ठेवते. चांगलं बोलायचं म्हणून बसले आणि राग येतोय. तुम्ही मला सांभाळलंत, देश बदलत नेलंत, प्रत्येक ठिकाणी आधी जाऊन कुठे पोळपाट मिळतो ते शोधून ठेवलंत. पण मनातलं एक वाक्य सरळ सांगाल तर शपथ. गंमत करता करता गेलात. आम्ही दोघी मात्र दोन टोकांना बसून एका शब्दाचा कीस पाडतोय.

आज तिथे मतदान होतं. केतकीचा फोन दुपारी आला, तिथे सकाळ. मी मुद्दाम सांगते, टीव्ही बंद होता. पंखासुद्धा बंद होता, पावसाने गारठा होता. मिसेस लिमच्या घराला कुलूप होतं. मी जेवणाच्या टेबलाशी बसले होते, तुमच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत.

केतकी त्याच शाळेच्या हॉलबाहेर उभी होती जिथे तिने तेव्हा दोन मतं टाकली. तिचं मत देऊन बाहेर आली होती. तुमचं कार्ड पर्समध्ये होतं. “टाकणार नाही गं, चालतही नाही. नुसतं बरोबर आणलं,” म्हणाली. तिकडे वारा होता, फोनमध्ये फडफड ऐकू येत होती.

“आई,” ती म्हणाली, “आता खरं सांग. तू घरात होतीस ना त्या दिवशी. बाबा मला काय म्हणाले? मी चुकले का? आणि चुकले असेन तर आता मी त्यांची माफी कशी मागू? कोणाकडे मागू?”

मी तोंड उघडलं. खरं सांगते, खोटं बोलायचं ठरवलं होतं मी. बाबांना रिमेनच हवं होतं, तू बरोबर केलंस, असं वाक्य सकाळपासून घोकून ठेवलं होतं. पण तुमच्या खुर्चीकडे नजर गेली आणि ते वाक्य जिभेवर आलंच नाही. मी नुसती फोन धरून बसले. मत द्यायचा एकदाच प्रसंग आला माझ्यावर आणि माझ्याने ते देववेना.

मग तिकडून तिने नाक ओढलं आणि ती एकदम मोकळी रडली, लहानपणी रडायची तशी, मोठ्याने. रडता रडता हसली.

“बरं,” म्हणाली. “बरं, आई. थँक यू.”

मी म्हटलं, “कशाबद्दल?”

“आत्ता म्हणालीस ना. राहू दे म्हणून.”

मी काहीही म्हटलं नव्हतं. पण तिला ते कळू दिलं नाही. पोरगी आज झोपेल, एवढं मला पुरे आहे. फोन ठेवला, उठले, आणि तुमच्या खुर्चीपुढे चहाचा कप ठेवला.